अजीमसाबांचा रस्ता

उस्मानाबादच्या पेठेत एके काळी असं म्हणत, की अजीमसाबांना पाटी सांगावी आणि चहा मागवावा. चहा निवायच्या आत पाटी लिहून तयार. ही नुसती बढाई नव्हती. स्टँडजवळच्या इरण्णाच्या हॉटेलाची पाटी त्यांनी खरंच अशी लिहिली होती आणि इरण्णा ती गोष्ट येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. "मी आत दूध उतू चाललंय का ते बघाय गेलो. भाईर येतोय तर माझंच नाव माझ्याकडं टकामका बघायलंय! अन् हे साब बशीतला चहा पिऊन मिशी पुसायलेत."

मी ज्या अजीमसाबांना ओळखलं ते मात्र जिल्ह्यातले सगळ्यांत संथ रंगारी होते. मैलाचा एक दगड लिहायला त्यांना दोन दिवस लागत, कधी तीन. पाच फूट दहा इंचांचा किडकिडीत माणूस, मेंदीनं लाल झालेली दाढी, अंगात एक जुना काळा कोट. त्या कोटावर इतक्या रंगांचे ठिपके होते की मूळ काळा शोधावा लागे. काखेत पत्र्याची पेटी, पेटीत रंगाचे डबे, रॉकेलची बाटली आणि बांबूच्या नळीत जपून ठेवलेले कुंचले. रस्त्याकडेला दगडाशेजारी मांडी घालून बसलेली ही मूर्ती लांबून पाहिली तर वाटावं, कुणाची तरी वाट पाहत आहेत.

त्यांचं चरित्र मला माहीत नाही. त्यांचे उस्ताद कोण, त्यांनी ही कला कुठं शिकली, मी कधी विचारलं नाही. मला ठाऊक आहेत ते तुळजापूरच्या रस्त्यावरचे तेरा दगड. आणि त्या दगडांपायी मी त्यांच्याशी जे वागलो ते आता या वयात कुणाला तरी सांगून टाकावं असं वाटतं.

निजामाचं राज्य जाऊन, विलीनीकरण होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या केव्हाच मराठी झाल्या होत्या, रस्त्यावरचे दगड तेवढे राहिले होते. त्यांच्यावरची उर्दू अक्षरं कुणीतरी चुन्यानं झाकून टाकली होती आणि नवं काही लिहिलं नव्हतं. गाडीवाले कोरे दगड मोजून अंतर सांगत. उस्मानाबाद ते तुळजापूर चौदा मैल, मध्ये तेरा दगड. ते लिहायचं काम अजीमसाबांना मिळालं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम मला. मी रस्त्याच्या खात्यात नवा कारकून होतो. चोवीस वर्षांचा. खात्याची सायकल होती आणि मनात सदा एकच धास्ती, साहेब काय म्हणतील.

पहिल्यांदा गेलो तेव्हा ते दुसऱ्या दगडापाशी होते. दगड पांढरा रंगवून झाला होता आणि हे नुसते बसले होते.

"काय अजीमसाब, काही अडलंय का?"

"न्हाई. बसलोय."

"रंग संपला?"

"लई हाय."

"मग?"

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "मुन्शी, सायकल टेकवा त्या बाभळीला. अन् ही पेटी घ्या डोक्यावर."

निजामाच्या अमदानीत कारकुनाला मुन्शी म्हणत. राज्य बदललं तरी अजीमसाबांनी माझं पद बदललं नाही. मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी खरोखरच ती जड पेटी माझ्या डोक्यावर ठेवली आणि पन्नास पावलं मागं नेऊन उभं केलं. "आता चालत या. दगडाकडं बघत या."

मी चालत आलो. मान वर होईना. डोळ्यांपुढं रस्ता आणि दगडाचा खालचा अर्धा भाग, एवढंच.

"दिसलं? ह्या रस्त्यानं बाया सरपन घेऊन जातेत. त्यास्नी वरचं दिसत न्हाई. म्हून आकडा खाली पायजे अन् गावाचं नाव वर. गाव कुठलं ते चालणाऱ्याला ठाऊक असतंय मुन्शी. किती राहिलंय, ते त्याला पायजे असतंय."

"पण खात्याच्या नकाशात आकडा वर आहे."

"नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यावर मोळी न्हवती."

मी तरणा, हजरजबाबी समजत होतो स्वतःला. म्हणालो, "त्या बायांना वाचता कुठं येतंय?"

"आज न्हाई येत," अजीमसाब म्हणाले. "दगड काय आजच्यापुरता लावलाय व्हय?"

आकडा खालीच राहिला. साहेबांच्या ते कधी लक्षात आलं नाही.

मग मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागलो. लक्ष ठेवायला म्हणून जायचो आणि ऐकत बसायचो. त्यांच्या कामाची तऱ्हा अशी की पाहणाऱ्याचा जीव जावा. अक्षराला हात घालायच्या आधी जवळच्या विहिरीवरून चार घागरी पाणी आणून रस्त्यावर शिंपायचे, कारण एस.टी. गेली की धुरळा उडून ओल्या रंगावर बसे. बहुतेक ड्रायव्हर त्यांना ओळखून गाडी हळू घेत. एखादा जोरात गेलाच, तर अजीमसाब उठून उभे राहत आणि मागून ओरडत, "तुझ्या पानाला चुना कमी पडो!" याहून जहाल शाप मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

एक रेघ ओढली की कुंचला नळीत ठेवायचे. सावली फिरली की दुसरी. मधल्या वेळात येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी. कुठून आला, कुणाकडं निघाला, बैल कितीला घेतला, सासू बोलते का अजून. दुपारी भाकरी सोडायचे, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढं धरायचे. मी आधी नको म्हणायचो, मग घ्यायचो.

"अजीमसाब, तुम्ही एवढे झपाझप लिहायचे म्हणतात. आता असं का?"

हे मी पाचव्या दगडापाशी विचारलं. त्यांनी कुंचला रॉकेलमध्ये धुतला, कोटाला पुसला.

"विलीनीकरण झालं तवा कचेऱ्यांच्या पाट्या बदलायचं काम माझ्याकडंच आलं. दुसऱ्या कुणाचा हात एवढा चालत न्हवता. आधीच्या पाट्या बी माझ्याच व्हत्या. शाळेची, दवाखान्याची, पोष्टाची. मागून दुकानवाल्यांनी बी सांगितलं. आठ दिसांत सगळं पुसलं अन् सगळं लिवलं. लई तारीफ झाली. घरी आलो तर बिबी म्हणली, इतक्या पाट्या पुसल्या, त्यातली सगळ्यात झकास कोणती व्हती ओ तुमची? आठवायला बसलो. एक आठवंना मुन्शी. वीस वर्सं लिवलं अन् एक आठवंना. लिवताना बी घाईत, पुसताना बी घाईत. पुसल्याचं कायबी न्हाई वाटलं बघा, राज्य बदललं तर पाटी बदलणारच. पण ज्यानं लिवली त्याच्याच ध्यानात न्हाई, तर ती व्हती कशावरून?"

त्यांनी अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढं धरली.

"तवाच ठरवलं. आता आपल्या ध्यानात राहील तेवढंच लिवायचं. कमी तर कमी."

त्या दिवसांतलं आणखीही काही त्यांच्या मनात असणार. त्यांचा धाकटा भाऊ त्या गडबडीत घरातून गेला तो परतला नव्हता, हे मला इरण्णाकडून कळलं होतं. आमच्या गल्लीतून तेव्हा कुणी त्यांच्या गल्लीत साधं विचारायलाही गेलं नव्हतं. मीही नाही. त्याबद्दल अजीमसाब कधी अक्षर बोलले नाहीत आणि मी कधी विषय काढला नाही. उरलेली भाकरी त्यांनी फडक्यात बांधली आणि आकड्याची पुढची रेघ ओढायला घेतली.

पहिले सहा दगड असे झाले, सातवा होत आला होता. उस्मानाबादहून निघालं की तुळजापूर तेरा मैल, मग बारा, मग अकरा, असं करत सातव्या दगडावर सात. प्रत्येक आकड्याला स्वतःची ऐट होती. नऊची शेपटी तर अशी काढली होती, की एक शाळामास्तर ती पाहायला मुद्दाम आले होते.

आणि मग नवरात्राच्या आधी कुणी मोठे पाहुणे या रस्त्यानं जाणार अशी बातमी आली.

साहेब कागदांवर सह्या करत होते. मान वर न करता त्यांनी एवढंच विचारलं, "तुळजापूरचा रस्ता होईल ना वेळेत?" बस. हो म्हणालो असतो तरी चाललं असतं. दोन दिवस वाढवून मागितले असते तरी ते चिडले नसते, तसा तो बरा माणूस होता. पण मी घाबरलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पत्र्याचे साचे कापून मजुरांकडून उरलेले सहा उरकून घेऊ का साहेब?" ते म्हणाले, "बघा."

त्या 'बघा'चा मी हुकूम केला. सायकल मारत सातव्या दगडापाशी गेलो आणि म्हणालो, "अजीमसाब, काम थांबवायचं आहे. पुढचे दगड साच्यानं होणार. साहेबांचा हुकूम आहे."

ते सातचा शेवटचा बाक भरत होते. हात थांबला. "हौ का?" म्हणाले. मग बराच वेळ रस्त्याच्या पुढच्या बाजूला पाहत राहिले. जिथं आठवा दगड कोरा उभा होता तिकडं.

"हुकूम हाय तर हाय," ते म्हणाले. "एवढा सात पुरा करू का?"

एवढा सात पुरा करू का, हे त्यांनी मला विचारलं. त्यांच्या वयाच्या निम्म्याहून कमी असलेल्या पोराला, परवानगी मागावी तसं. आणि मी मेहेरबानी केल्यासारखं म्हणालो, "करा." नंतरच्या आयुष्यात मी यापेक्षा मोठ्या चुका केल्या असतील, पण हा प्रसंग आठवला की आजही हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

मजुरांना मी एक यादी लिहून दिली. घाईत लिहिली. दगड क्रमांक आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. दगडांचे नुसते क्रम होते ते. कोणत्या दगडापासून तुळजापूर किती मैल, हे मी लिहिलंच नाही. मजुरांनी माझे क्रम म्हणजेच मैल धरले आणि साचा लावून एका दिवसात सहाही दगड उरकले. सातव्या दगडापर्यंत तुळजापूर मैलामैलानं जवळ येत होतं, तिथून पुढं मैलामैलानं लांब जाऊ लागलं. सातानंतर आठ, मग नऊ, मग दहा. मी पाहायलाही गेलो नाही. काम ठीक झाल्याची सही मात्र केली.

पाहुण्यांचा दौरा रद्द झाला. कुणीच आलं नाही.

चारपाच दिवसांनी सकाळी कचेरीत पोचतो तर अजीमसाब पायरीवर बसलेले. मला पाहून हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं.

"मुन्शी, तुमच्या रस्त्यावर काल काय झालं, ऐका."

काल ते सहज निघाले होते म्हणे, आपला रस्ता पुढं कसा झाला ते पाहायला. पेटी सवयीनं काखेत होतीच. आठव्या दगडाशी थबकले. नवव्याशी त्यांना घोळ ध्यानात आला. दहाव्या दगडाशी एक म्हातारा-म्हातारी बसलेली. तेर गावची माणसं. दोघं अनवाणी. म्हातारी डोळ्यांना पदर लावून रडत होती आणि म्हातारा गाठोडं बांधत होता, माघारी फिरायला.

अजीमसाबांनी विचारलं, "काय झालं बाई?"

"आई रुसली," म्हातारी म्हणाली. "लेकीच्या बाळतपनाला नवस बोलले व्हते, पोर सुकरूप सुटली तर चालत येईन. नात अकरा वर्साची झाली तरी मी आले न्हाई. आज निगालो तर आई म्होरं म्होरं सरकायलीय. मागं सात मैल व्हती, मग आठ, मग नऊ, आता धा. मी जितकी चालतीय तितकी ती लांब चाललीय. कशाला जायाचं? तिला माजं तोंड बघायचं न्हाई."

म्हाताऱ्यानं अडतीत काट्यावर हमाली केलेली, त्यामुळं त्याला आकडे वाचता येत. तोच दर दगडाला वाचून दाखवत होता. आणि त्याचंही मत तेच.

"अहो, दगड चुकलेत," अजीमसाब म्हणाले. "हितून चारच मैल हाय."

"सरकारी दगड हाय," म्हातारा म्हणाला. "त्यो कशाला खोटं बोलंल? तुमी कोण सांगणार?"

इथं अजीमसाब माझ्याकडं पाहून थांबले. मग हळूच म्हणाले, "काय सांगावं मुन्शी? दुसऱ्या कुणी तरी चूक केली म्हटलं तर ती कशाला इस्वास ठिवतीय? म्हटलं, बाई, मीच लिवणारा. मीच चुकलो. ही बघा पेटी."

झालं. म्हातारीनं रडं थांबवलं आणि तोंड सोडलं. "डोळे फुटले व्हते काय रं तुजे? येवढी दाडी वाडीवली अन् अक्कल? म्या माघारी गेले असते तर कुणाला पाप लागलं असतं?"

"मला," अजीमसाब म्हणाले.

"मग पूस त्ये. माज्या म्होरं पूस."

त्यांनी रॉकेलच्या चिंधीनं दहा पुसला. साच्याचा रंग पातळ, लगेच निघाला. तिथं चार लिहिला. म्हातारा मान वाकडी करून वाचत होता. "चार हाय गं." पण म्हातारीचा अजून विश्वास बसेना. पुढचा दगडही असाच असला तर? म्हणून अजीमसाब बरोबर निघाले. अकराव्या दगडाशी अकरा पुसून तीन. बाराव्याशी बारा पुसून दोन. ऊन उतरायच्या आत तिला गाव गाठायचं होतं, त्यामुळं थांबायला सवड नव्हती. दर दगडाला म्हातारी शेजारी उभी, हात कमरेवर. "नीट काढ. त्यो बाक बारीक झाला बग." चालताना अखंड बडबड. नातीचं नाव काय, जावई कसा, तेरणेला पूर आला तेव्हा कुणाचं काय गेलं. आणि मधूनच, "काय मेल्या, आईला पळवीत व्हतास व्हय?"

शेवटच्या दगडावर एक आला तेव्हा तिनं गाठोडं सोडलं, कुंकवाची पुडी काढली आणि ओल्या आकड्यावरच बोटं टेकवली. मग दगडाला डोकं लावलं.

"लिहिलेलं पुसलं गेलं असेल ना?" मी विचारलं.

"थोडं फाकलं. राहू दिलं."

मी जाऊन पाहिलं. तेराव्या दगडावरच्या एकात कुंकवाची दोन बोटं रंगात वाळून गेली होती. तुळजापूर हे नाव साच्याचं, सरळसोट, निर्जीव. आणि त्याखाली अजीमसाबांचा तो धावता आकडा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणालो, साहेबांना सांगून उरलेलं सगळं तुमच्याकडं परत देतो. आठवा आणि नववा त्यांनी घेतला आणि आपल्या चालीनं, पाच दिवस लावून केला. पण ते चार दगड पुन्हा लिहायला मी सुचवलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

"ते झालेत."

"पण ते घाईत लिहिलेत. तुम्हीच म्हणता, घाईतलं ध्यानात राहत नाही."

ते नवव्या दगडाला टेकून बसले होते. रंग वाळायची वेळ होती.

"तेच तवापास्नं घोळतंय मुन्शी. त्या दिशी हात माझा जुन्यासारखा पळाला. पण एकेक रेघ ध्यानात हाय. चारचा बाक काढताना म्हातारी खोकली. दोन लिवताना म्हातारा पायातला काटा काढीत व्हता. मला वाटायचं, घाईनं मानूस इसरतंय. तसं न्हाई. शेजारी कोण उभं हाय ते न बघता लिवलं, की इसरतंय. मी वीस वर्सं पाटीकडं बघून लिवलं. जिच्यासाठी लिवायची तिच्याकडं कधी बघितलंच न्हाई." मग स्वतःशीच हसले. "आता सावकास लिवतो ते ह्याच्यासाठी, की कोण तरी येऊन उभं राहायला येळ मिळावा."

मी हे ऐकलं, आणि तेव्हाच सांगायला हवं होतं की तो हुकूम साहेबांचा नव्हता. तोंडापर्यंत आलं होतं. नाही सांगितलं. उलट साहेबांनी एकदा जाता जाता, "तुळजापूरचे आकडे छान झालेत हो," म्हटलं, तेव्हा मी मान खाली घालून ती शाबासकी घेतली.

दहा वर्षं गेली. मैल जाऊन किलोमीटर आले. नवे दगड यायचे होते, त्यावर लिहिण्याचं काम बाहेरच्या कुणाला तरी मिळालं, आणि जुने दगड उपटून काढायचे ठरलं. तोवर मी हेडक्लार्क झालो होतो. ही बातमी त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. दर्ग्यामागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढं ओटा. अजीमसाब ओट्यावर बसून शेजारच्या एका पिंजाऱ्याच्या गाडीवर फूल काढत होते. दाढीला मेंदी लावणं त्यांनी सोडलं होतं. ती पांढरीशुभ्र झाली होती.

मी सांगितलं.

"उपटलेले दगड कुठं जाणार?"

"कुठं जाणार? पडून राहतील. लोक नेतील हळूहळू. कुणी पायरीला, कुणी धुण्याला."

त्यांचा चेहरा उजळला, खरंच उजळला. "म्हंजे घराघरांत जाणार! बाया धुणं आपटता आपटता वाचतेल, तुळजापूर सहा मैल." आणि आत वळून ओरडले, "ऐकलं का ओ? मुन्शी आलेत. चहा टाका."

मी वाईट बातमी घेऊन आलो होतो आणि त्यांनी तिची अशी वाट लावली. तेव्हा मला राहवेना.

"अजीमसाब, एक सांगायचं आहे. साच्याचा हुकूम साहेबांचा नव्हता. मीच सुचवलं होतं. यादीही माझीच. म्हातारी माघारी फिरत होती ती माझ्यामुळं. आणि तुम्ही माझी चूक स्वतःवर घेतली."

त्यांनी फुलाची पाकळी पुरी केली.

"ठाऊक हाय."

"कुणी सांगितलं?"

"तुमीच. त्याच दिशी. साहेबाचा निरोप आणणारा मानूस सायकलवरून उतरतो, पाणी पितो, साहेबाला दोन शिव्या घालतो. तुमी उतरलाच न्हाई. पायडलवर पाय ठिवून बोलला."

"मग मला काही म्हणाला का नाहीत?"

"काय म्हणू? तुमी भ्यालेला व्हता. त्या वयात मी बी भिऊनच पळत व्हतो, हातचं काम दुसऱ्याला जाईल म्हून. भ्यालेल्याला थांब म्हटलं तर त्यो जास्तच पळतो." त्यांनी चहाची बशी माझ्याकडं सरकवली. "धा वर्सं वागवलं व्हय हे? ठिवा आता खाली. उद्या सवड हाय का? दगड उचलायच्या आधी एकदा जाऊन येऊ."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सकाळी लवकर निघालो, पायी. पण अजीमसाबांबरोबर चालणं म्हणजे चालणं नव्हे. पहिल्या दगडापाशी त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. दुसऱ्यापाशी एका बाईची, जिनं त्यांना ताक दिलं होतं. चौथ्यापाशी ते एका गाडीवानाशी बोलत थांबले, त्याचा बाप म्हणे ह्याच दगडापाशी त्यांच्या पेटीवर बसून तंबाखू मळायचा. गाडीवानाला बापाची अशी काही आठवण नवीच होती. तो खाली उतरून दगडाकडं पाहत राहिला. पाचव्या दगडाला अजीमसाबांनी कोटाच्या बाहीनं धूळ पुसली आणि पुढं निघाले. सातव्या दगडापाशी पोचलो तेव्हा दुपार होत आली होती आणि मला कचेरी गाठायची होती. तुळजापूरकडून येणारी एस.टी. दिसली.

"तुमी जावा," ते म्हणाले. "पुढचं मी बघतो. मला काय काम हाय?"

"पोचायला रात्र होईल तुम्हाला."

"व्हईना."

मी हात केला, गाडी थांबली. ही आमची शेवटची भेट हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढच्याच महिन्यात माझी बदली लोहाऱ्याला झाली आणि ते गेल्याचं तिथं मला पोष्टानं कळलं, तेही इरण्णाच्या मुलानं सवडीनं लिहिलेल्या पत्रातून.

गाडीत मागं जागा मिळाली. काचेतून वळून पाहिलं. अजीमसाब सातव्या दगडाशेजारी खाली बसले होते, पाय लांब करून, बाभळीच्या सावलीत. शेताकडून एक बाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन येत होती. तिनं पेंढी दगडाला टेकवून उभी केली, पदरानं तोंड पुसलं आणि त्यांना काहीतरी विचारलं. त्यांनी आधी पुढच्या रस्त्याकडं बोट दाखवलं. मग पाय आखडून घेतले आणि तिला सावलीत जागा व्हावी म्हणून थोडे बाजूला सरकले.